माथेरान ००९: ड्रॉइंग एक्सरेफवर आलं, आता कटिंग

नेरळ–माथेरानच्या छोट्या गाडीचं मॉडेल बनवतोय. त्याचा प्लाय अजून दुकानातच आहे, पण ड्रॉइंग आता मिस्त्रीच्या हातात देण्याजोगं झालंय. मागच्या नोंदीत रुळांची आखणी होती. या वेळी ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधली एकच अगडबंब फाइल फोडून सगळं एक्सरेफवर (म्हणजे एका ड्रॉइंगमध्ये दुसरी फाइल नुसती जोडून दाखवण्याच्या सोयीवर) कसं नेलं, ते सांगतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. स्केल १:७६.२, रूळ ९ मिमी, यालाच ००९ म्हणतात. नेरळ–माथेरानचा खरा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ६१० मिमी, म्हणजे या स्केलला काटेकोर ८ मिमी हवा. तयार रूळ ९ चे मिळतात, तेव्हा तो एक मिलिमीटर पोटात घालायचा. १९०७ साली सुरू झालेला खरा मार्ग सुमारे २१ किलोमीटरचा आहे. तो सगळा उतरवायचा तर पावणेतीनशे मीटर लांब खोली लागेल. म्हणून जुम्मापट्टी स्टेशन, वन किस बोगदा आणि टोकाला २२८ मिमी त्रिज्येचा वळसा, एवढ्यावर भागवतोय. आठ बाय चारच्या एका प्लायमधून चार मॉड्यूल, प्रत्येकी १२२० × ६१०. तीन भिंतीलगत, चौथं काटकोनात. (मॉड्यूलची रुंदी ६१० आणि खऱ्या रुळांमधलं अंतरही ६१०. शेवटी दोन्ही दोन फूटच.)

एक्सरेफची सोय १९९० च्या रिलीज ११ पासून आहे, तरी आपल्यातले बरेच जण आजही एका फाइलमध्ये चाळीस लेअर (ड्रॉइंगचे थर) घेऊन बसतात. फाइल फोडतानाही सहसा नजरेला दिसतं तसं फोडलं जातं: झाडं एकीकडे, घरं एकीकडे. माझं मत वेगळं आहे. जे एकत्र बदलतं ते एका फाइलमध्ये ठेवावं. त्या हिशेबाने माझ्या फाइली अशा झाल्या: ‘चौकट’ म्हणजे एका मॉड्यूलचा सांगाडा, ‘मांडणी’, जिच्यात ती चौकट चारदा अटॅच केली (जोडली) आहे आणि मधले आडवे बत्ते (लाकडी पट्ट्या) काढले आहेत, ‘रूळ’, ‘स्टेशन’, आणि ‘मुख्य’. मुख्य फाइलमध्ये एकही रेघ काढलेली नाही, फक्त बाकीच्यांना एकत्र बोलावलंय. मांडणी, रूळ आणि मुख्य या तिन्हींचा शून्य बिंदू एकच, पहिल्या मॉड्यूलचा डावीकडचा खालचा कोपरा. त्यामुळे अटॅच करताना माउसने जागा दाखवायची नाही, ०,० टाकून मोकळं व्हायचं.

चौकटीची फाइल पूर्णपणे शून्य लेअरवर, रंग बायलेअर (लेअरचा असेल तोच) ठेवून काढली आहे. अशा रेघा एक्सरेफ ज्या लेअरवर बसतो त्याचा रंग घेतात. चार मॉड्यूल चार लेअरवर ठेवले की एकाच फाइलमधून चार रंगांचे सांगाडे दिसतात, आणि कुठला बत्ता कुणाचा हे लगेच कळतं.

खरी कसोटी इथेच लागली. मिस्त्री म्हणाले, करवतीचं पातं दर कापाला तीनेक मिलिमीटर खातं, एका प्लायमधून पूर्ण मापाचे चार तुकडे निघणार नाहीत. बरोबरच आहे. चौकट १२१८ × ६०८ केली, सेव्ह केली, मांडणी रीलोड केली, चारही मॉड्यूल बदलले. मात्र त्यांच्यामध्ये दोन-दोन मिलिमीटरच्या फटी राहिल्या. एक्सरेफमधून आकार आपोआप बदलतो, पण बसवलेली जागा तिथेच राहते. तीन मॉड्यूल हाताने सरकवून घ्यावे लागले. रुळांची फाइल वेगळी असल्याने तिला धक्का लागला नाही, सांध्यावरच्या रुळांची टोकं तेवढी पुन्हा तपासली.

आता एक्सरेफ जोडण्याच्या दोन पद्धती, अटॅच आणि ओव्हरले. सांधा बदलणाऱ्या रुळांखाली ते हलवणारा सर्व्हो (छोटी मोटर) बसवायचा तर तिथे बत्ता नको, म्हणून मांडणी काढताना रूळ दिसायला हवेत. आणि रूळ आखताना मॉड्यूलचे सांधे दिसायला हवेत, कारण सांधा बदलणारे रूळ दोन मॉड्यूलच्या फटीवर येऊन चालत नाहीत. दोन्ही फाइली एकमेकींत अटॅच करायला गेलात तर ऑटोकॅड वर्तुळाकार संदर्भाची तक्रार करतो. ओव्हरलेने हा प्रश्नच मिटतो: ओव्हरले फक्त त्याच फाइलमध्ये दिसतो, ती फाइल पुढे दुसरीकडे जोडली की सोबत जात नाही. म्हणून रूळ आणि मांडणी एकमेकींत ओव्हरले, आणि मुख्य फाइलमध्ये दोन्ही अटॅच. चौकट मात्र मांडणीत अटॅचच हवी, नाहीतर मुख्य फाइलमध्ये सांगाडाच गायब होईल.

जुम्मापट्टीचं स्टेशन ठाण्याचा मित्र काढतोय. त्याने इमारत खऱ्या मापात, मिलिमीटरमध्ये काढलीय. ती तशीच राहू दिली आणि जोडताना स्केल ०.०१३१२३ दिलं. त्याच्या फाइलमध्ये प्लॅनशेजारीच चारही बाजूंची दृश्यं आहेत, ती एक्सक्लिपने (हवा तेवढाच भाग दाखवणाऱ्या कमांडने) झाकली. त्याच्या कॉम्प्युटरवर हेच सगळं फोल्डर वेगळ्या ड्राइव्हवर असतं, त्यामुळे पाथ (फाइलचा पत्ता) रिलेटिव्ह, म्हणजे ड्राइव्हचं नाव न धरता. २०१८ च्या आवृत्तीपासून तो तसाच येतो, जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांनी तेवढं बघून घ्यावं. त्याच्या फाइलमधले लेअर माझ्याकडे मी बंद करतो आणि ते रीलोडनंतरही बंदच राहावेत म्हणून व्हिसरिटेन ही सेटिंग १ ठेवलीय.

प्रिंटसाठी मुख्य फाइलच्या लेआउटमध्ये (छपाईच्या पानावर) प्रत्येक मॉड्यूलचा वेगळा व्ह्यूपोर्ट (खिडकी), १:१. ए-झिरो कागद ११८९ मिमीचा, म्हणजे थोडक्यात अपुरा. ३६ इंची रोलवर मात्र आरामात बसतं. छपाईच्या दुकानात डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ फाइल) द्यायची नाही, पीडीएफ द्यायची, आणि प्रत्येक पानावर १०० मिमीची एक पट्टी काढून ठेवायची. फिट टू पेजने छापलं की पट्टीवर फूटपट्टी ठेवताच समजतं. मिस्त्रींसाठी वेगळा कागद आहे, फक्त मांडणीचा, मापं इंच-सुतात. त्यांना मिलिमीटर वाचता येतात, पण पाऊण इंची प्लायला ते पाऊण इंचच म्हणणार आणि हात त्याच हिशेबाने चालणार.

उरलं चढाचं. खऱ्या मार्गावर चढ १:२० पर्यंत जातो. तोच धरला तर एका मॉड्यूलच्या लांबीत जवळपास ६१ मिमी उंची मिळते. बोगद्यावरून दुसरा रूळ न्यायला एवढी पुरते की नाही, हे उंच्यांची वेगळी फाइल रुळांवर ओव्हरले करून बघतोय. डबे तीनच असतील, पण इंजिन ओढतं का ते प्लायच्या फळीवर चाचणी घेऊनच ठरवेन.