खारा वारा, वाळू आणि इथलीच झाडं

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सीच्या केप मेपासून खाली व्हर्जिनिया बीचपर्यंत कुठेही किनाऱ्यालगत बाग करायची असेल, तर नर्सरीतल्या ‘नेटिव्ह’ (मूळचं इथलंच) या पाटीला फार भुलू नका. झाड या पट्ट्यातल्या मेरीलँड राज्याचं आहे हे खरं असेल, पण मेरीलँडमध्ये डोंगरही आहेत. व्हाइट पाइन तिकडे पश्चिमेच्या डोंगरांत सुखाने वाढतो. तोच समुद्रासमोर लावला की हिवाळ्यातल्या खाऱ्या वाऱ्याने त्याच्या सुया तांबूस पडतात. फ्लॉवरिंग डॉगवुडचंही तेच. इथे झाड निवडायचं ते राज्याच्या नावावरून नाही, आपल्या अंगणात मीठ कुठून आणि किती येतं ते बघून.

मीठ येण्याच्या वाटा दोन, आणि दोन्हींच्या खुणा वेगळ्या. वाऱ्यावरच्या तुषारांनी झुडपाची फक्त समुद्राकडची बाजू करपते. पानांच्या कडा तपकिरी, कोवळे कोंब मेलेले, आणि मागे जाऊन पाहावं तर हिरवंगार. दोन-चार वर्षांत झुडूप कुणी कात्रीने तिरकं कापल्यासारखं दिसू लागतं. भरतीच्या किंवा वादळाच्या पाण्यातून जमिनीत शिरलेलं मीठ मात्र झाडाला चहूबाजूंनी धरतं. माती ओली असूनही झाड तहानलेलं दिसतं, कारण खाऱ्या ओलाव्यातून मुळांना पाणी ओढता येत नाही. अशा वेळी लोक हमखास खत घालतात. रासायनिक खत म्हणजे आणखी क्षार, म्हणजे आजारावर तोच आजार.

अगदी समोरच्या वाळूच्या टेकाडावर, म्हणजे ड्यूनवर, अमेरिकन बीचग्रासशिवाय दुसरा विचार करू नये. दक्षिण व्हर्जिनियात जोडीला सी ओट्स चालतं. बीचग्रास लावायचं ते त्याच्या हिवाळी झोपेत, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. एका खड्ड्यात दोन काड्या, खोली आठ ते दहा इंच, दोन खड्ड्यांत दीड फूट अंतर आणि ओळी एकाआड एक सरकवलेल्या. वरवर चार इंचात खोचलेल्या काड्या पहिल्या जोराच्या वाऱ्यात उघड्या पडून वाळतात. गंमत म्हणजे या गवताला अंगावर वाळू पडत राहिलेली हवी असते. टेकाड स्थिर झालं की मागच्या बाजूला ते आपोआप विरळ होतं, ते रोगाने नाही. त्या जागी कोस्टल पॅनिकग्रास आणि सीसाइड गोल्डनरॉड आणावेत. ड्यूनला हात लावण्याआधी मात्र परवानगी लागते का ते गावात विचारा. बहुतेक ठिकाणी लागते.

खरी मजा आहे ती त्यामागच्या झुडपांच्या पट्ट्यात. वॅक्स मर्टल, नॉर्दर्न बेबेरी, ईस्टर्न रेड सीडर, बीच प्लम आणि आग्नेय व्हर्जिनियात यॉपॉन, ही मंडळी खारा वारा अंगावर घेतात आणि मागच्या नाजूक झाडांना आडोसा करतात. वॅक्स मर्टल आणि बेबेरीच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नायट्रोजन धरणारे जिवाणू असतात, त्यामुळे त्यांना खत देऊच नये. पानांत मेणचट तेल असतं आणि ते चटकन पेटतं. खिडकीखाली किंवा लाकडी डेकला चिकटून वॅक्स मर्टल लावणं शहाणपणाचं नाही. शिवाय त्याच्या फांद्या ठिसूळ, ओला बर्फ साचला की मोडतात. उत्तरेला, म्हणजे न्यू जर्सीच्या बाजूला, बेबेरी जास्त भरवशाची.

फळं हवी असतील तर एक गोष्ट विकत घेतानाच विचारा: नर की मादी? वॅक्स मर्टल, बेबेरी, यॉपॉन, इंकबेरी, अमेरिकन हॉली, रेड सीडर या सगळ्यांत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. एकाच नावाच्या कलमांची रांग लावली तर सगळी एकाच लिंगाची निघतात. यॉपॉनचा ‘शिलिंग्ज’ हा बुटका प्रकार नर आहे, त्याला लाल फळ कधीच धरणार नाही. चार-पाच माद्यांना जवळपास एक नर पुरतो. बेबेरीची मेणचट फळं यलो-रम्प्ड वॉर्बलर हा पक्षी पचवू शकतो, म्हणून हा एवढासा जीव हिवाळ्यातही किनाऱ्यावर टिकून राहतो.

रेड सीडर आणि सर्व्हिसबेरी शेजारी लावू नका. दोघंही इथलीच, पण तांबेरा त्यांच्यात ये-जा करतो. एप्रिलमध्ये पावसानंतर सीडरच्या फांदीवर नारिंगी, लिबलिबीत लोळ दिसले की समजावं, यंदा सर्व्हिसबेरीची फळं खराब होणार.

खाडीच्या, दलदलीच्या बाजूला चित्र बदलतं. अधूनमधून भरतीचं पाणी चढतं तिथे ग्राउंडसेल, मार्श एल्डर आणि साल्टमेडो कॉर्डग्रास, त्याच्या थोडं वर स्विचग्रास आणि सीशोर मॅलो. घराच्या आडोशाला, जिथे तुषार पोचत नाहीत पण जमीन ओलसर राहते, तिथे स्वीटबे मॅग्नोलिया, क्लेथ्रा, इंकबेरी. इंकबेरी वयानुसार खालून उघडी पडते, तेव्हा तिच्यापुढे काहीतरी बुटकं लावाच.

लागवडीला सर्वांत चांगला काळ सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. हवा थंडावलेली, माती अजून गरम, मुळं निवांत पसरतात. खोदण्याआधी काही दिवस ८११ ला फोन करा. जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या लाइनी फुकट आखून देतात.

वाळूत सर्वांत जास्त रोपं मरतात ती कुंडीतल्या मातीपायी. नर्सरीची हुंडी, म्हणजे कुंडीतून निघालेला मुळांसकटचा मातीचा गोळा, असते पीट (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचा भुगा) आणि झाडाची साल यांची. एकदा कोरडी पडली की पाणी शोषतच नाही. तुम्ही नळी धरता, पाणी हुंडीच्या कडेने वाळूत उतरून जातं, वरून सगळं ओलं दिसतं. बोट हुंडीत खुपसून बघा, आत भुसा. म्हणून लावण्याआधी हुंडी पाण्याच्या बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत बुडवायची, बाहेरचा इंचभर थर झटकून मुळं मोकळी करायची, गोल फिरलेली मुळं कापायची. खड्डा हुंडीइतकाच खोल, रुंदी दुप्पट. खड्ड्यात कंपोस्ट भरू नका. मुळं त्या मऊ खिशातच घुटमळतात आणि बाहेरच्या वाळूत जायला बघत नाहीत. कंपोस्ट घालायचंच तर आडोशाच्या वाफ्यावर सगळीकडे पातळ पसरा. रोपाभोवती आळं करा आणि त्यावर दोन-तीन इंच पाइनच्या सुयांचं आच्छादन. खोडाला मात्र टेकू देऊ नका.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक इंच पाणी. वाळू ते धरून ठेवत नाही, तेव्हा दोन-तीन हप्त्यांत द्या. स्प्रिंकलरखाली रिकामा डबा ठेवून मोजलं की अंदाज चुकत नाही. दुसऱ्या वर्षी फक्त कोरड पडली तर.

गवतं आणि फुलझाडं छोट्या प्लग रोपांनी लावणं स्वस्त पडतं. दीड फुटावर लावलं तर १०० चौरस फुटांना साधारण ४५, एक फुटावर १००. दाट लावलं की तणाला जागा उरत नाही. सीसाइड गोल्डनरॉड लाडाने लोळतो, तो जूनच्या सुरुवातीला निम्म्यावर छाटा. (शिंका त्याच्यामुळे येत नाहीत, त्याच वेळी फुलणाऱ्या रॅगवीड या तणामुळे येतात.) केप मेवरून दक्षिणेला निघालेली मोनार्क फुलपाखरं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याच्यावरच पोट भरतात, त्यामुळे मुळापासून छाटू नका.

स्विचग्रास फेब्रुवारीअखेर चार-सहा इंचांवर कापायचं. एप्रिलमध्ये ते मेल्यासारखं दिसतं. सीशोर मॅलो आणि मार्श हिबिस्कस तर मे उजाडला तरी कोंब दाखवत नाहीत. घाईघाईने खुरपं घेऊन उकरू नका.

काही झाडं इथलीच समजून लोक हौसेने लावतात. रोझा रुगोसा, जिला सगळे बीच रोझ म्हणतात, ती पूर्व आशियातली. जॅपनीज ब्लॅक पाइन किनाऱ्यावर भरमसाट लावले गेले आणि कृमी-कीटकांनी पटापट मेले. न्यू जर्सीच्या टेकाडांवर आशियाई सॅंड सेज बीचग्रासची जागा खातं.

कायदाही बघा. मेरीलँडमध्ये १९८४ पासून भरतीच्या पाण्यापासून १००० फुटांपर्यंतची जमीन ‘क्रिटिकल एरिया’त येते आणि पाण्यालगतच्या १०० फुटांच्या पट्ट्यातलं झुडूप काढायलाही मंजुरी लागू शकते. उलट २०२१ च्या कायद्याने तिथल्या घरमालक संघटनांना इथल्याच झाडांच्या बागांवर अवाजवी बंधनं घालता येत नाहीत. संघटनेचं पत्र आलं तर हे आधी दाखवा.

वादळाचं खारं पाणी ओसरल्यावर पानं गोड्या पाण्याने धुवा. मग मुळांशी नळी मंद सोडून ठेवा, दोन-तीन दिवसांनी परत. वाळूतून मीठ लवकर उतरतं, चिकणमातीत रेंगाळतं. खत नाही, छाटणी नाही. वसंतात नखाने फांदीची साल खरवडा. आत हिरवं असेल तर कुऱ्हाड जूनपर्यंत दूर ठेवा.