चिंगी, टिपू आणि बेडरूमचं दार

जुलैमधल्या एका रात्री नवरा भिजून घरी आला तेव्हा त्याच्या रेनकोटच्या आत काहीतरी हलत होतं. दोन दिवस पार्किंगमधल्या एका स्कूटरखाली ओरडणारं मांजराचं पिल्लू तो घेऊन आला होता. सगळं मिळून सहाशे ग्रॅम वजन, अंगभर पिसवा आणि चिकटलेले डोळे. ठेवायचं का, हा प्रश्न घरात कोणी विचारलाच नाही. प्रश्न चिंगीचा होता.

चिंगी ही आमची सहा वर्षांची मांजर. तीही रस्त्यावरूनच आलेली, पण दोन महिन्यांची असताना. त्यानंतर डोंबिवलीच्या आमच्या वन बीएचकेबाहेर ती गेली ती फक्त डॉक्टरांकडे. नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, स्वभाव शांत. मला वाटलं, एवढंसं पिल्लू बघून ती माया करेल. म्हणून त्याच रात्री टॉवेलात गुंडाळलेल्या टिपूला मी सरळ तिच्यापुढे ठेवलं.

तिने पाठीची कमान केली, शेपूट बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुगली, आणि फिस्कारून तिने असा पंजा मारला की टिपू गडगडत फ्रिजखाली गेला. ती माळ्यावर चढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली आली नाही. उतरली ती थेट त्या टॉवेलावर मुतली. मी तिच्यावर ओरडले. आज हे लिहितानाही ते आठवून मला वाईट वाटतं. तिच्या घरात रात्रीतून परका वास शिरला होता, आणि त्यावर स्वतःचा वास चढवणं एवढंच तिच्या हातात होतं.

डॉक्टरांनी दात बघून टिपूचं वय सहा-सात आठवडे सांगितलं आणि पुढच्याच वाक्यात विचारलं, "मोठीची लस कधी झाली?" फाइल उघडली तर बूस्टर एक वर्षापूर्वीच द्यायला हवा होता. रस्त्यावरच्या पिल्लांमध्ये पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजाराचा धोका असतो. उलट्या-जुलाबांनी पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकतं, आणि त्याचा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो, हातांवरून आणि कपड्यांवरून पसरतो. पिल्लू आणलंत तर आधी हे बघा. स्वभाव जुळणं नंतरचं. डॉक्टर म्हणाल्या, "दोन आठवडे दोघं एका खोलीत नकोत." आणखी एक ताकीद दिली: चिंगीने पूर्ण दिवसभर काही खाल्लं नाही तर लगेच फोन करा. मांजर उपाशी राहिलं की त्याच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं.

म्हणून बेडरूम टिपूला दिली. आम्ही दोघं हॉलमध्ये गादी टाकून आणि सासूबाई दिवाणावर. बेडरूमच्या दाराखालची फट जुन्या चादरीने बंद केली. आतल्या खुंटीवर माझा एक जुना गाऊन टांगला. आत जाताना तो चढवायचा, बाहेर येताना उतरवून साबणाने हात धुवायचे. डॉक्टर इतक्या लहान पिल्लाला पिसवांचं औषध नको म्हणाल्या, म्हणून रोज संध्याकाळी लिखांच्या फणीने त्याला विंचरत बसायचे. जंताचं औषध झालं, आठ आठवड्यांचा झाल्यावर पहिली लस झाली. चिंगीचा बूस्टरही झाला.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, हे सगळं फार वाटत होतं. "आमच्याकडे गावाला मांजरं यायची नि जायची. कोणी त्यांची ओळख करून दिली होती?" मग थोडा वेळ गप्प बसून स्वतःच म्हणाल्या, "पण तिथे पडवी होती, परस होतं, गोठा होता. जिला पटायचं नाही ती उठून जायची. ही बिचारी जाणार कुठे?" मी जे काही वाचलं, ऐकलं, त्या सगळ्यात हे वाक्य मला सर्वांत जास्त उपयोगी पडलं. त्याच दिवशी आम्ही फ्रिजवरचे डबे आणि कपाटावरची बॅग हलवली. त्या दोन्ही जागा चिंगीच्या. टिपूची उडी तिथवर पोचणार नव्हती.

दोन आठवड्यांनंतर वासाची देवाणघेवाण सुरू केली. मऊ बनियनचा तुकडा टिपूच्या गालांवर घासायचा आणि हॉलच्या कोपऱ्यात ठेवायचा. चिंगीच्या गालांवर घासलेला टिपूच्या खोलीत. पहिले तीन दिवस ती कापडावरसुद्धा फिस्कारली. चौथ्या दिवशी वाकली, बराच वेळ हुंगलं, आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून क्षणभर थिजल्यासारखी थांबली. मांजरांच्या टाळूपाशी वास घेणारं वेगळं इंद्रिय असतं, त्यात ती तो वास ओढत होती. मग शांतपणे निघून गेली आणि ताटलीतलं सगळं खाल्लं.

त्यानंतर आमची फरश्यांची मोजणी सुरू झाली. बंद दाराच्या आत टिपूची ताटली आणि बाहेर, दारापासून सात फरश्या लांब, चिंगीची. बिनमिठाचं उकडलेलं चिकन दोघांना फक्त याच वेळी मिळायचं. चिंगीने सगळं संपवलं तर दुसऱ्या दिवशी एक फरशी पुढे. अर्धवट सोडलं तर एक मागे. आई रोजचा आकडा कालनिर्णयच्या चौकोनात लिहायच्या. सात, सहा, सहा, पाच, परत सहा. एकदा शेजारी ड्रिलिंग चाललं होतं, तेव्हा दोन दिवस पुन्हा सातवर गेलो.

आकडा दोनवर आल्यावर दार उघडून तिथे खिडकीची जुनी जाळीची फ्रेम दोरीने बांधली. चिंगी गुरगुरली, कान मागे पाडले, पण जागा सोडली नाही. मी तिचे कानच बघत राहायचे. फिस्कारणं चालतं, ती "लांब राहा" म्हणत असते. कान सपाट आणि नजर एकटक झाली की मध्ये पुठ्ठा धरायचा, काही न बोलता.

समोरासमोर आणलं ते सहाव्या आठवड्यात. आधी नवऱ्याने टिपूला नाडीमागे पळवून पळवून दमवलं होतं. तरीही तो सरळ तिच्या शेपटीवर गेला आणि तिने थाडकन दिली. तो किंचाळला. मी उठले तर आईंनी हात धरला. "थांब गं, नखं काढली नाहीत तिने." खरंच काढली नव्हती. टिपू दोन पावलं मागे सरकून बसला. त्या दिवशी दहाच मिनिटं, मग रोज थोडी वाढवत नेली.

एक गोष्ट मात्र आमच्या उशिरा लक्षात आली. चिंगी शी-शूच्या ट्रेमध्ये बसली की टिपू बाहेर दबा धरायचा, आणि ती न्हाणीघराच्या दाराशी मुतायला लागली. दोन मांजरांना तीन ट्रे हवेत, तेही वेगवेगळ्या ठिकाणी. तिसरा ट्रे गॅलरीत ठेवला आणि दोन दिवसांत ते थांबलं.

अजून दोघं एकत्र झोपत नाहीत. नवऱ्याच्या उशीवर टिपूने पाय ठेवलेला चिंगीला चालत नाही, आणि तो आता ठेवतही नाही. पण गणपतीच्या आदल्या संध्याकाळी, आम्ही मखराच्या गडबडीत असताना, दोघांच्या ताटल्या चुकून एकाच फरशीवर ठेवल्या गेल्या. लक्षात आलं तेव्हा दोघं शेजारी-शेजारी खात होते, चिंगीचे कान सरळ. आईंनी हात पुसले, पेन शोधलं आणि कालनिर्णयवर शून्य लिहिलं.