पॅड बदलून भागत नव्हतं

सेकंड हँड गाडी घेताना आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, चेन बघतो, टायर किती उरलाय ते पाहतो, कागदपत्रं दोनदा चाळतो. पुढचं चाक उचलून हाताने फिरवून बघणारा गिऱ्हाईक मात्र क्वचितच भेटतो. माझी दीडशे सीसीची गाडी २०१७ ची, म्हणजे एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं होण्याआधीची. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. रत्नागिरीच्या एका गृहस्थांकडून घेतली. इंजिन तेव्हाही छान होतं, आजही आहे. छळलं ते पुढच्या ब्रेकने.

गाडी कराडला आणल्यावर पहिलं काम म्हणून पुढचे पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटून धरणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या, नवे टाकले. दोन-अडीच हजार किलोमीटरमध्ये ते संपले आणि डिस्कवर लोखंड घासल्याचा खर्रर्र आवाज यायला लागला. असले पॅड साध्या वापरात दहा-पंधरा हजार किलोमीटर सहज जातात. गॅरेजमधला पोरगा म्हणाला, "दादा, पॅड डुप्लिकेट असणार. ओरिजिनल टाकू." टाकले. त्यांचीही तीच गत. मग तो म्हणाला, "तुम्ही घाट उतरता ना, ब्रेकवर उतरत असाल."

कामासाठी मला चिपळूणला जावं लागतं आणि वाटेत कुंभार्ली घाट आहे, हे खरं. पण मी घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, इंजिनाच्या ओढीवर उतरतो. आणि खरा पुरावा सपाटीवर होता. पाटणच्या अलीकडे, बराच वेळ ब्रेकला हात न लावता आल्यावर एकदा गाडी थांबवली आणि डिस्कवर बाटलीतलं पाणी शिंपडलं. चर्रकन वाफ झाली. ब्रेक दाबलेलाच नसताना डिस्क एवढी तापते, याचा अर्थ पॅड डिस्कला सोडतच नव्हते. (हात लावून बघायला जाऊ नका, कातडी सोलते.)

मग गाडी आमच्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही. पहिला प्रश्न, "जुने पॅड कुठायत?" ते आधीच्या गॅरेजच्या भंगाराच्या डब्यात होते. मी परत जाऊन शोधून आणले. तात्यांनी दोन्ही पॅड वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले. पिस्टनच्या बाजूचा पॅड पार पत्र्यापर्यंत गेलेला. बाहेरच्या बाजूचा निम्म्याहून जास्त शिल्लक, झीज दाखवणारी मधली खाच स्पष्ट दिसत होती. "ह्यो पॅड संपलेला न्हाई, खाल्लेला हाय," ते म्हणाले.

कारण असं. माझ्या गाडीच्या कॅलिपरला, म्हणजे दोन्ही पॅड धरणाऱ्या चिमट्याला, पिस्टन एकच आहे, आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर ढकलतो, आणि त्याच्या उलट्या जोराने सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही. मग सगळा भार आतल्या पॅडवर पडतो आणि लिव्हर सोडल्यावरही तो डिस्कला घासत राहतो. पॅड कुठल्याही कंपनीचे टाका, असेच जाणार. माझं म्हणणं एवढंच आहे की हे त्या दोन पॅडवर लिहिलेलं होतं आणि दोन्ही वेळा कुणीही न वाचता ते डब्यात टाकलं होतं.

तरी तात्यांनी लगेच पाना उचलला नाही. मेन स्टँडवर गाडी घेऊन पुढचं चाक अधांतरी केलं. ब्रेक दाबून सोडला, चाक फिरवलं. अर्ध्या फेरीत थांबलं. मग कॅलिपरच्या ब्लीडर निपलला (ब्रेकचं ऑइल बाहेर काढायच्या बारीक तोटीला) नळी लावून निपल जरासं ढिलं केलं आणि पुन्हा फिरवलं. तसंच जड. निपल ढिलं केल्यावर चाक मोकळं झालं असतं, तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये प्रेशर अडकून राहतंय असं ठरलं असतं. म्हणजे मास्टर सिलिंडरमधलं (लिव्हरजवळच्या, ऑइलला दाब देणाऱ्या पंपातलं) ऑइल परत यायचं बारीक भोक बुजलेलं किंवा ऑइलचा रबरी होज आतून फुगलेला. इथे तसं काही नव्हतं. अडचण कॅलिपरमध्येच होती. या एका चाचणीने मास्टर सिलिंडरचा खर्च वाचला, म्हणून ही मला फार मोलाची वाटते.

कॅलिपर उघडल्यावर एक पिन हाताने निघाली. दुसरी स्प्रे मारून, हलवून हलवून बाहेर काढावी लागली. तिच्यावर तांबूस गंजाचे खड्डे पडले होते. पिनेवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेला, त्यातून समुद्राकडची खारी हवा आणि पावसाचं पाणी आत गेलेलं. वर कुणीतरी साधं पिवळं ग्रीस भरून ठेवलं होतं. पेट्रोलियमच्या ग्रीसने ब्रेकमधलं रबर फुगतं, आणि फुगलेल्या रबराने पिन आणखी आवळली होती. इथे सिलिकॉन ग्रीसच लागतं. ते हार्डवेअरच्या दुकानात नाही, स्पेअर पार्टवाल्याकडे नाव घेऊन मागावं लागतं.

पिन नवी, दोन्ही बूट नवे, पिस्टनभोवतीची रबरी सील नवी. पिस्टनचं परत येणं या चौकोनी काठाच्या सीलवरच अवलंबून असतं. ब्रेक दाबल्यावर ती किंचित मुरडते आणि सोडल्यावर पिस्टनला केसभर मागे घेते. सील कडक झाली किंवा पिस्टनवर गंज धरला की तेवढं मागे येणंही बंद. म्हणून पिस्टन परत ढकलण्याआधी त्याचा बाहेर आलेला भाग नीट पुसायचा, नाहीतर चिखल सीलखाली जातो. आणि हँडलवरची ब्रेक ऑइलची टाकी भरलेली असेल तर थोडं ऑइल आधी काढून घ्यायचं. ते उतू जाऊन पेट्रोलच्या टाकीवर सांडलं की रंग उठतो. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं.

ब्रेकमधलं जुनं ऑइल निघालं ते काळ्या चहासारखं. डॉट ४ जातीचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहतं. नवं असताना ते किमान २३० अंशांवर उकळतं, पाणी धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. घाटात आधीच घासणारा ब्रेक आणि त्यात असं ऑइल, म्हणजे वाफ होऊन लिव्हर हँडलला टेकूनही ब्रेक न लागण्याची तयारीच. पॅडच्या खर्चापेक्षा मला भीती याची वाटली. सगळं ऑइल बदलून लाइनमधली एअर काढली.

डिस्कवर कमीत कमी जाडी ३.५ मिमी अशी कोरलेली आहे. वर्नियरने मोजताना कडेचा न घासलेला उंचवटा चुकवावा लागतो, नाहीतर माप उगाच जास्त दिसतं. आतल्या घासलेल्या भागात ३.७ भरली. सगळा खर्च पॅडच्या दोन जोड्यांच्या आत बसला. नवे पॅड टाकून आधी मोकळ्या रस्त्यावर हलके हलके ब्रेक मारून ते बसवून घेतले.

आता चाक ढकललं की दोन-तीन फेऱ्या फिरतं. त्यानंतर पाचेक हजार किलोमीटर झाले, घाटासकट. परवा पॅड काढून बघितले, आतला आणि बाहेरचा जवळपास सारखे झिजलेत आणि बरेच उरलेत. डिस्कवर जुन्या ओरखड्यांच्या रेघा आहेत, त्यामुळे पुढची पॅडची जोडी टाकताना जाडी पुन्हा मोजून मग डिस्कचं ठरवू, असं तात्या म्हणालेत. पावसाळ्यानंतर पिना एकदा काढून, पुसून, ग्रीस लावून बसवायच्या आहेत.