सड्यावर ऑटोक्रॉस

आज सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, ऑटोक्रॉस धावलो. जांभ्याची लाल धूळ अजून कानात आहे! यात एका वेळी एकच गाडी सुटते, शर्यत घड्याळाशी. रस्ता आखायला ठेवलेला शंकू (कोन) पाडला की दंडाचे सेकंद. जांभ्यावरच्या बारीक खडीवर टायर पकडच घेत नाहीत. म्हणून ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असतानाच मारायचा. वळणात जोरात दाबलात तर वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गरकन फिरते.

पुढची पायरी सर्किट, म्हणजे पक्क्या ट्रॅकवरची शर्यत. त्याला एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं, लायसन्स हवं, आणि ट्रॅक थेट कोइम्बतूर नाहीतर चेन्नईला. चेन्नईचा ट्रॅक जेमतेम ३.७ किलोमीटरचा, रत्नागिरीहून तिथवर जायला मात्र हजार किलोमीटरच्या वर!

खर्चाचं ऐकून आई म्हणाली, "एवढ्या पैशात हापूसची कलमं लागली असती."

लागली असती. पण आधी टायर.