दार उघडायचे किती घेता?

गुरुवार, रात्री

दुकानावरची दरांची पाटी उन्हानं पार उडालीय. नवी रंगवायला टाकायची, म्हणून जेवण झाल्यावर वही घेऊन दर लिहायला बसलो. वरच्या ओळी भराभर झाल्या. साधी किल्ली ५० रुपये. लॅचची ८०. दातांऐवजी खळगे असलेली, जिला सगळे कॉम्प्युटर की म्हणतात ती २५०. गाडीच्या चिपवाल्या किल्लीपुढे ‘गाडी बघून’ एवढंच. या ओळींवरून सहसा कुणाशी वाजत नाही. मशीन घरघरतं, पितळेचा कीस उडतो, नवी किल्ली हातात पडते आणि गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. शेवटच्या ओळीशी पेन अडलं. घरी येऊन दार उघडणे.

आज दुपारीच बाणेरला जाऊन आलो. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. साहेब कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आले आणि वाऱ्यानं दार लागलं. फोनवर मी ७०० सांगितले, ते म्हणाले, "चालेल, लवकर या." पुण्यात मंडईजवळच्या माझ्या दुकानातून त्या गर्दीत पोचायला पाऊण तास गेला. दार उघडायला तीन-चार मिनिटं लागली. दाराला ओरखडा नाही, लॅच जसंच्या तसं चालू. साहेबांनी दाराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. "दादा, एवढ्याशा कामाचे सातशे? तीनशे घ्या." बोलणं वाढलं. शेजारच्या काकू दार किलकिलं करून बघायला लागल्या. शेवटी त्यांनी ५०० पाठवले. २०० राहिलेत हे मी त्यांना तिथंच सांगितलं आणि खाली येऊन मेसेजही केला.

राग आला, तो अजून आहे. पण तो माणूस लबाड नव्हता. आपल्याला फसवलं जातंय असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याला फक्त ती तीन-चार मिनिटं दिसली. त्याच्या दृष्टीनं मी आलो, पिशवीतून काहीतरी काढलं आणि दार उघडलं.

त्याला न दिसलेलं इथं लिहून ठेवतो. लॅचच्या सिलिंडरमध्ये पाच-सहा पिना असतात, प्रत्येक पिनेवर एक बारीक स्प्रिंग. बरोबर किल्ली घातली की सगळ्या पिना एका रेषेत येतात, तेव्हाच सिलिंडर फिरतो. अमेरिकेतल्या लायनस येल नावाच्या माणसानं १८६० च्या दशकात या रचनेचं पेटंट घेतलं आणि बाणेरच्या टॉवरमध्ये आजही बहुतेक दारांना तीच आहे. दार नुसतं ओढलं गेलं असेल तर काम वेगळं, किल्ली फिरवून कुलूप बसलं असेल तर वेगळं. आतून कडी असेल तर आणखी वेगळं. यातलं काय झालंय हे बाहेर उभं राहून ओळखायचं असतं. पिन जागेवर बसली हे डोळ्यांना दिसत नाही, बोटाला किंचित जाणवतं. बाबांनी मला आधी शेगड्यात, म्हणजे टेबलावरच्या घट्ट पकडीत, पट्टी धरून नुसती कानस मारायला लावली, तेव्हा मला ते काम कुलपाचं वाटतच नव्हतं. कानशीवरचा हात हलका झाल्याशिवाय त्यांनी मला कुलपाला हात लावू दिला नाही. त्या सगळ्या वर्षांमुळे आज दार तीन-चार मिनिटांत उघडतं. नवखा कुणी असता तर दीड तास लागला असता, आणि कदाचित त्याला कुणी सातशे खळखळ न करता दिले असते.

हेच भाच्यानं येताना स्कूटरवर मागे बसून सांगितलं. "मामा, तू जरा वेळ लाव ना. लगेच उघडलं की लोकांना पैसे जड जातात. वीस मिनिटं खाटखूट केली, दोन-तीन हत्यारं बदलली, घाम पुसला, की कुणी बोलणार नाही." वर्षभर तो माझ्याबरोबर फिरतोय, त्यानं जे पाहिलं तेच तो बोलला. मी त्याला तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. डेक्कनच्या सिग्नलला थांबलो होतो, मागून हॉर्न वाजत होते.

उत्तर असं आहे. बाहेर ताटकळलेल्या माणसाचा वेळ हासुद्धा पैसाच आहे. आत गॅस चालू असेल, औषधं आत असतील, पोराची शाळा सुटायची वेळ झाली असेल. मी मुद्दाम वीस मिनिटं लावली तर ती त्याच्या खिशातून काढली, आणि वर मजुरीही घेतली. माझ्याच्यानं ते होणार नाही. दुकानात बसून कुणाची वाट बघत किल्ली घासणं वेगळं आणि कुणाच्या उंबऱ्यावर नाटक करणं वेगळं.

आमच्या धंद्यातला एक जुना किस्सा त्याला सांगायचा राहिला. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा कारागीर होता. त्याच्या कंपनीनं पिकाडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलं होतं आणि खाली लिहिलं होतं की हे उघडू शकेल असं हत्यार जो बनवेल त्याला तत्क्षणी २०० गिनी (तिथलं जुनं चलन) मिळतील. ते कुलूप कित्येक वर्षं तसंच राहिलं. १८५१ मध्ये तिथं मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा अमेरिकेहून आलेल्या आल्फ्रेड हॉब्जनं ते उघडून दाखवलं. १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. त्याआधी चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप त्यानं अर्ध्या तासाच्या आत उघडलं होतं. ब्रामाच्या लोकांनी कुरकुर केली, अटी पाळल्या नाहीत म्हणाले. पंच नेमलेले होते, त्यांनी हॉब्जच्या बाजूनं निकाल दिला आणि २०० गिनी त्याला मिळाल्या. मला यातली खिडकीतली पाटी फार आवडते. रक्कम आधी लिहिलेली होती, काय केलं की मिळणार तेही लिहिलेलं होतं. ५१ तास लागले म्हणून ती वाढली नाही, ५ तासांत झालं असतं तरी कमी झाली नसती. आणि भांडण झालं तेव्हा पंचांपुढे ठेवायला लेखी काहीतरी होतं.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, कारण आमच्यातलेच काही जण या अविश्वासाला कारण आहेत. इंटरनेटवर ‘९९ रुपयांपासून’ अशी जाहिरात असते. फोन उचलणारा पुण्यात बसलेला असेलच असं नाही. तो काम कुणाला तरी पुढे देतो आणि त्यावर आपला वाटा घेतो. येणारा पोरगा ९९ मध्ये पेट्रोलसुद्धा सोडवू शकत नाही, मग तो काय करतो? कुलपाकडे दोन क्षण बघतो, "हे हाय सिक्युरिटी आहे, उघडणार नाही" म्हणतो आणि ड्रिल लावतो. सिलिंडर गेला, नवा त्याच्याच पिशवीत तयार असतो. अडीच-तीन हजारांचं बिल होतं. कोथरूडच्या एका आजींकडे मी नंतर गेलो होतो, मुलगा अमेरिकेत, घरी एकट्या. त्यांचं जुनं भक्कम लॅच असं फोडून हलकं चिनी बसवलेलं. जुना सिलिंडर त्यांनी डब्यात जपून ठेवला होता, तो मला दाखवला. तसलं लॅच न फोडता उघडतं, मी कितीतरी उघडलीत. आजी म्हणाल्या, "त्याला घाम येत होता रे, मला वाटलं फारच अवघड असेल." त्या वाक्यानं मला जेवढा त्रास झाला तेवढा बाणेरच्या घासाघिशीनं झाला नाही.

न फोडता उघडणाऱ्याला तीनशे आणि फोडणाऱ्याला तीन हजार, असंच चालत राहिलं तर भाच्यासारखी पोरं बोटांनी पिना ओळखायला कशाला शिकतील? ड्रिल आठवड्यात शिकता येतं.

म्हणून मी दर फोनवरच सांगतो, आणि दोन आकडे सांगतो. आधी विचारतो: दार कुठलं, लॅच कुठलं, किल्ली आत राहिली की हरवली, कुलूप फिरवलेलं आहे का, फोटो पाठवता का. मग सांगतो की न फोडता उघडलं तर एवढे आणि फोडावंच लागलं तर एवढे, नवा सिलिंडर तुम्ही स्वतः आणा नाहीतर मी आणलेल्याची पावती बघा. फोडण्याआधी त्यांना विचारणार. रात्री दहानंतर ३०० जास्त, तेही आधीच सांगतो. ते ३०० माझ्या झोपेचे आहेत. पत्ता कोरेगाव पार्कचा निघाला म्हणून आकडा हलत नाही. कमी करायची मोकळीक मी ठेवलीय. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची पोरं कॉट बेसिसवर राहतात, ट्रंकेची किल्ली हरवते, तिघंचौघं मिळून सुटे पैसे मोजतात. त्यांच्याकडून किल्लीचेच घेतो, येण्याचे नाही. चेहरा बघून खाली यायचं ते माझ्या खिशातून येतं. वर जायचं ते समोरच्याच्या अडचणीतून येतं.

एकदाच पैशाचं आधी बोललो नाही. सिंहगड रोडला दीड वर्षाची मुलगी आत आणि आई बाहेर, पोरगी रडून रडून थकलेली. जिना चढता चढताच काम काढलं. दार उघडल्यावर वडील धावत आले आणि त्यांनी २००० रुपये माझ्या हातात कोंबले. मी दिवसाच्या दराएवढे घेतले, बाकीचे परत दिले, म्हटलं, दोन दिवसांनी वाटलं तर फोन करा. फोन आला नाही. भाच्याला ते पटलं नव्हतं, "खुशीनं देत होते की!" खुशी नव्हती ती, पाय थरथरत होते त्यांचे.

आणि काही कामांना पैसे कितीही मिळोत, जायचंच नाही. घरमालक म्हणतो भाडेकरू गावाला गेलाय, कुलूप बदलून टाका, सामान आत आहे. कुणी साबणावर किल्लीचा ठसा घेऊन येतो. घर उघडण्याआधी मी आधार बघतो, विजेचं बिल मागतो, शेजाऱ्याला नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीला बोलावतो. काहींना त्याचा राग येतो. त्यांच्याच दाराची काळजी आहे ती.

पावतीचं भाच्याला पक्कं समजावलं पाहिजे. सेवा देऊन बिल नाकारणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे. गिऱ्हाईक १९१५ या हेल्पलाइनला फोन करू शकतं आणि त्यानं करावा. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत १९७४ मध्ये याच पुण्यात सुरू केली, म्हणजे आपल्या शहराला हे नवीन नाही. मी पावती मागितली नाही तरी देतो: तारीख, कुलपाचा प्रकार, काय केलं, किती घेतले. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, माझी नाही. कुणी नंबर न छापता साध्या कागदावर १८ टक्के लावत असेल तर ते देऊ नका, हे मी गिऱ्हाइकांना स्वतःहून सांगतो.

यूपीआय आल्यापासून सुट्यांची कटकट गेली आणि दुसरी आली. दुकानात स्पीकर बोलतो, पण कुणाच्या दाराशी तो नसतो. लोक स्क्रीनशॉट दाखवतात. बहुतेकांचा खरा असतो, पण खोटा बनवणं अवघड नाही. त्यामुळे पैसे माझ्या खात्याच्या ॲपमध्ये दिसेपर्यंत मी थांबतो आणि थांबणार हे आधी सांगतो, म्हणजे कुणाला अपमान वाटत नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन नंबर टाकावा लागत नाही, हे भाच्याला दहादा बजावलंय.

परवा शनिवारी तो पहिल्यांदा एकटा कामाला जाणार आहे, कर्वेनगरला, साधं लॅच. आत्ता झोपायच्या आधी बाहेर येऊन बसला आणि विचारलं, "दार उघडल्यावर पैसे कमी दिले तर? मी दार परत ओढून घेऊ?"

"नाही. दार उघडलं की ते त्यांचं. त्यांना आत जाऊ द्यायचं, लॅच दोनदा चालवून दाखवायचं, मग पावती लिहायची. फोनवर काय ठरलं होतं ते शांतपणे सांगायचं."

"आणि तरी नाही दिले तर?"

"पावतीवर बाकी किती ते लिही आणि त्यांच्यासमोर मला फोन लाव. मी बोलतो."