पहाटे शीळ घालतंय कोण?

आमच्याकडं घरात शीळ घातली की म्हातारी माणसं ओरडायची, रात्री शीळ घातली की साप येतो म्हणे. पण पावसाळ्यात आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडं मुक्कामाला जावा, उजाडायच्या आधीच ओढ्याकडनं कोणतरी एकदम निवांत शीळ घालत असतंय आणि त्याला मात्र कोण काय म्हणत नाही. नवीन माणसाला हमखास वाटतं गावातलंच कोणतरी पोरगं आहे. आमच्यातला एक पाहुणा तर खिडकी उघडून "कोण रे तो, झोपू दे की जरा!" म्हणून ओरडला होता.

तो शीळकरी कस्तूर नावाचा पक्षी, मलबार व्हिसलिंग थ्रश. सह्याद्रीच्या रानातला. लांबनं काळाच वाटतो, ऊन पडलं तरच कपाळावरची नि खांद्यावरची निळाई चमकते, लांबीला 25 सेंटीमीटरच्या आसपास. नावात थ्रश, म्हणजे कस्तूर, असला तरी शास्त्रज्ञ आता त्याला माशीमार पक्ष्यांच्या (फ्लायकॅचर) कुळात घालतात, त्याला काय फरक पडतोय म्हणा. खेकडं, गोगलगायी दगडावर आपटून खायच्या आणि शीळ घालायची.

मला त्याचं आवडतं काय, तर त्याला गाणं पूर्ण करायची घाईच नाही. कोकीळ सूर चढवत नेतो, पुढं काय येणार ते कळतं. हा चार सूर वर जातो, दोन खाली, मधेच गप्प, परत तिसरीकडनंच सुरू, समेवर यायचं नावच नाही. कुमार गंधर्वांचं सुळेभावी आमच्याच जिल्ह्यातलं, पण इथल्या पक्क्या कानांनाही हे कुठल्या रागात बसवायचं सांगता येणार नाही. साहेब लोक याला शीळ घालणारा शाळकरी पोरगा म्हणायचे, ते मात्र पटतं, शाळा चुकवून ओढ्यावर बसलेलाच वाटतो.

आणि एवढं सगळं धो धो पावसात, कारण तेव्हाच त्याची वीण चालू असते. घरटं पाण्याजवळच्या कपारीत, कधी चक्क घराच्या वळचणीला.

आता वीकेंडला मोठ्या लेन्सा घेऊन लोक येतात ते ठीक, पण काहीजण मोबाईलवर त्याचीच शीळ लावतात. बिचारा आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला म्हणून पिल्लं सोडून भांडायला येतो आणि यांना फोटो मिळतो. असल्यांना सांगावंसं वाटतं, मोबाईल खिशात ठेवा, टपरीवर चहा घ्या आणि गप्प बसा की जरा, वाटलं तर येईल, नाहीतर नाही.