तुम्ही विचारलंत म्हणून : बिघडणारं पोर आधी ओळखता येतं का?

विचलित वर्तनाचं, म्हणजे समाजाचे नियम मोडणाऱ्या वागण्याचं, समाजशास्त्र शिकवणाऱ्याला नाशिकमध्ये एक प्रश्न चुकत नाही. पालकसभा असो, सोसायटीची मीटिंग असो, की कॉलेज रोडवरचा चहा. ‘सर, पोरगं बिघडणार हे आधी कळतं का? काही लक्षणं असतील तर सांगा ना.’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

नाही कळत. निदान आमच्या शास्त्राला तरी नाही, आणि ते त्याचं कामही नाही. आम्ही माणसापासून सुरुवात करत नाही, नियमापासून करतो. नियम कोणाचा, तो कुठे आणि कधी लागू, मोडताना कोणी पाहिलं, पाहिल्यावर काय केलं. पोरगं या साखळीत बरंच उशिरा येतं.

पहिला घोळ शब्दाचा आहे. विचलन म्हणजे गुन्हा असं धरून लोक बोलतात. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार राज्यात दारू प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीव. आणि कारण काय, तर प्रकृती सांभाळण्यासाठी! वायनरींच्या या जिल्ह्यात बिनपरवाना घोट घेणारा कायदा मोडत असतो, पण त्याला वाया गेलेला कोणी म्हणत नाही. उलट, जातीबाहेर लग्न करणं कोणत्याच कायद्याने गुन्हा नाही, तरी जातपंचायतींनी त्यासाठी घरंच्या घरं वाळीत टाकली. मग सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा २०१७ मध्ये लागू झाला आणि वाळीत टाकणाराच तीन वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र ठरला.

नियम असा कूस बदलतो, आणि नाशिकला तर याची सवय असायला हवी. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दाराशी उभे राहिलेले लोक रूढी मोडणारे होते. वीस वर्षांत राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता पाळणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवलं. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९५ मध्येच मांडलं होतं की गुन्हा नसलेला समाज सापडणार नाही, आणि आजचा नियमभंग कधीकधी उद्याच्या नीतीची चाहूल असतो. त्याने अथेन्सने गुन्हेगार ठरवलेल्या सॉक्रेटिसचा दाखला दिला. आपल्याला अथेन्सला जायची गरज नाही. काळ सोडा, जागा बदलली तरी तेच. सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर नागा साधू विवस्त्र येतात (रामकुंडावर नव्हे, तिथे वैष्णव आखाडे असतात, नाशिककरही हे उलटसुलट करतात) आणि पोलीस त्यांना वाट करून देतात. तोच विवस्त्रपणा दुसऱ्या दिवशी मेन रोडवर दिसला, तर तेच पोलीस चादर घेऊन धावतील.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. आपल्या बातम्यांतला लाडका शब्द म्हणजे टवाळखोर. भारतीय न्याय संहितेत तो शोधून सापडायचा नाही, पण रात्री कट्ट्यावर बसलेल्याला तो सहज चिकटतो. रात्रीचे अकरा, दोन जागा, असं चित्र डोळ्यापुढे आणा. गंगापूर रोडला कॅफेबाहेर कारच्या बॉनेटला टेकून सहा मुलं खिदळताहेत. सातपूरच्या एखाद्या वस्तीत ओट्यावर सहा मुलं खिदळताहेत. आवाज सारखाच. टवाळखोर कोण? विल्यम चँब्लिस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हेच छापलं. एकाच शाळेतल्या दोन टोळक्यांवर त्याने दोन वर्षं नजर ठेवली होती, आठ सुखवस्तू मुलं आणि सहा गरीब घरची. शाळा बुडवणं, दारू, नासधूस यांत सुखवस्तू मागे नव्हते. पण त्यांच्याकडे गाड्या होत्या, ते गावाबाहेर जाऊन धिंगाणा घालत, आणि पकडले गेलेच तर ‘चुकलं, काका’ म्हणायची अदब होती. गरीब मुलं चौकातच दिसायची आणि उर्मट उत्तर द्यायची. गाव आणि पोलीस एकाच गटाला वाईट म्हणत राहिले, आणि पुढे बहुतेकांचं आयुष्य त्या शिक्क्याच्याच वळणाने गेलं.

एडविन लेमर्ट या समाजशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये विचलनाचे दोन टप्पे केले होते. पहिलं विचलन म्हणजे हातून घडलेली गोष्ट. दुसरं म्हणजे लोकांनी दिलेलं नाव अंगवळणी पाडून घेतलेलं वागणं. पालकांना चिंता पहिल्याची असते. माझ्या मते खरं नुकसान दुसऱ्यात आहे, आणि लक्षणांची यादी मागणारा माणूस नेमका तोच टप्पा लवकर आणतो.

कारणांबद्दलचे सिद्धांत पुष्कळ आहेत. रॉबर्ट मर्टनने १९३८ मध्ये समाजाने दाखवलेलं ध्येय आणि ते गाठायला हाताशी असलेलं साधन यांतली दरी दाखवली, सदरलँड म्हणाला गुन्हा संगतीतून शिकला जातो, हर्शीने १९६९ मध्ये प्रश्नच उलटा केला की बाकीचे नियम का पाळतात. परीक्षेपुरते सगळे ठीक. मला सर्वांत कामाचे वाटतात साइक्स आणि मात्झा, १९५७ चे, कारण त्यांचं म्हणणं कोणत्याही पेट्रोलपंपावर ऐकू येतं. नियम मोडणारा नियम मानतही असतो; मोडण्यापुरता तो मनातल्या मनात बाजूला ठेवतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून शहरात ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ मोहीम झाली, ती आठवा. ‘हेल्मेट मित्राने नेलं’ म्हणजे जबाबदारी नाकारली. ‘इथेच तर जायचंय’ म्हणजे इजा नाकारली. ‘पोलीस तरी घालतात का?’ म्हणजे दोष देणाऱ्याला दोष. ‘आईला दवाखान्यात न्यायचं होतं’ म्हणजे नियमाहून वरची निष्ठा. पाचवी तऱ्हा, ‘तो त्याच लायकीचा होता’, हेल्मेटला बसत नाही, मारामारीला बसते. विद्यार्थी इथे एक चूक हमखास करतात. पावती फाडल्यावर मुलाखत घेतात. तेव्हा मिळतात त्या सबबी. सिद्धांताचं म्हणणं असं आहे की ही वाक्यं कृतीच्या आधी तयार असतात, म्हणून प्रश्न पार्किंगमध्ये, गाडी काढण्यापूर्वी विचारायला हवा.

मोजणीतही असंच घसरायला होतं. पोलिसांचे आकडे म्हणजे घडलेले गुन्हे नव्हेत, नोंदलेले गुन्हे. गाडी चोरीला गेली तर विम्यासाठी एफआयआर लागतो म्हणून ती नोंद होते. घरातली मारहाण चार भिंतींत राहते. शिवाय राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हाच धरतो. खुनासोबत चोरी असेल, तर चोरी मोजणीतून गेली.

स्वतः मोजायचं तर सिग्नलपासून सुरुवात करा. सीबीएसच्या चौकात एकच बाजू धरा, ४५ मिनिटं. ‘सिग्नल तोडला’ म्हणजे काय ते आधी कागदावर लिहा : लाल दिवा लागलेला असताना पुढचं चाक पांढऱ्या रेघेआधी होतं आणि तरी गाडी चौक पार करून गेली. खरी गोम छेदात आहे. येणाऱ्या सगळ्या गाड्यांनी भागलं की आकडा खोटा पडतो, कारण पुढची गाडी थांबली असेल तर मागच्याला तोडायची संधीच नसते. छेदात फक्त संधी असलेल्या गाड्या घ्या. वाहतूक पोलीस हजर होता का, याचा वेगळा रकाना हवाच.

निरीक्षक दोन ठेवा, कागद वेगळे, मध्ये बोलणं नाही. समजा १०० गाड्यांत दोघांनीही ४ ‘तोडला’ आणि ८६ ‘पाळला’ म्हटलं, आणि १० वर मतभेद झाले, पाच इकडे, पाच तिकडे. एकमत ९० टक्के. मुलं खूश होतात. पण बहुतेक लोक पाळतातच, तेव्हा डोळे मिटून खुणा केल्या तरी साधारण ८४ टक्के जुळल्या असत्या. तो योगायोग वजा करून एकमत मोजणारा आकडा, ‘कोहेनचा कप्पा’ (kappa), काढला, तर येतो ०.३९; पूर्ण एकमत असेल तर तो १ असतो. याचा अर्थ व्याख्या ढिली आहे. पुन्हा लिहा.

जे रस्त्यावर दिसत नाही, उदाहरणार्थ कॉपी, त्यासाठी नाण्याची युक्ती आहे. १९६५ मध्ये वॉर्नरने मांडलेल्या कल्पनेचा हा सोपा प्रकार. प्रत्येकाने पाठ फिरवून नाणं उडवायचं. छाप पडला तर काहीही असो, ‘हो’ लिहायचं. काटा पडला तर खरं लिहायचं. २०० जणांत १३० ‘हो’ आले, तर सुमारे १०० छापाचे. उरलेल्या १०० पैकी ३० खरे, म्हणजे ३० टक्के. कोणाचा ‘हो’ खरा, हे वर्गशिक्षकालाही कळत नाही. किंमत मात्र मोजावी लागते. सरळ विचारलं असतं तर अंदाज चुकण्याची मर्यादा दोन्ही बाजूंना साडेसहा टक्क्यांच्या आसपास, इथे ती १३ वर जाते. तेवढीच अचूकता हवी तर चारपटीहून जास्त माणसं लागतात. चाळीसच्या वर्गात हा प्रयोग करून टक्केवारी जाहीर करू नका. आणि नाणं संशोधकाने उडवायचं नाही. तसं झालं की सगळी गुप्तता गेली.

नावांचा प्रश्न शेवटी येतोच. वकिलाला अशिलाची गोष्ट गुप्त ठेवण्याचं जे कायदेशीर कवच आहे, ते संशोधकाला नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ खाली मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं बंधनकारक आहे. ते मुलाखतीच्या आधीच सांगावं लागतं, नंतर नाही. बाल न्याय कायदा, २०१५ तर मुलाची ओळख उघड करण्यावर बंदी घालतोच, शिवाय मुलाला डाग लावणारे शब्द वापरू नका असंही सांगतो. म्हणून कागदोपत्री ‘बालगुन्हेगार’ नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. जिभेला जड आहे, पण ‘गुन्हेगार’ म्हणायच्या आधी माणूस क्षणभर अडखळतो, त्यात मला काही वाईट दिसत नाही.

तेव्हा सोसायटीला वही ठेवायचीच असेल तर पाच रकाने आखा : काय घडलं, कुठे, किती वाजता, कोणी पाहिलं, पाहणाऱ्याने काय केलं. महिनाभर भरा. बहुधा एकाच कोपऱ्यात, एकाच वेळेला खुणा जमतील, आणि तिथला दिवा बंद असेल किंवा मुलांना बसायला दुसरी जागा नसेल. सहावा रकाना, नावाचा, आखू नका.